मुगाचा चहा

शनिवारी दुपारी बेल वाजली आणि इंटरकॉमच्या पडद्यावर दोन हेल्मेटं दिसली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. जपानात सायकलस्वाराने हेल्मेट घालायचा प्रयत्न करावा, असा नियम 2023 च्या एप्रिलपासून आहे. टोकियोतल्या आमच्या निशिकासाईत तो प्रयत्न मनापासून करणारे दोनच वर्ग मी पाहिलेत, शाळकरी पोरं आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी.

"विमेवाले का रे?" आई मागून म्हणाली. ती कराडहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि बेल वाजवणारं माणूस पाहून तीन आठवडे झाले होते.

अशा वेळी जपानी माणूस इंटरकॉमवरच 'केक्को देसु' म्हणतो आणि विषय संपतो. शब्दशः अर्थ 'छान आहे'. खरा अर्थ 'निघा'. मला अकरा वर्षांत हे दोन शब्द वेळेवर म्हणता आलेले नाहीत. कॉलेजात असताना मे महिन्याच्या उन्हात मी धुण्याच्या पावडरीचा सर्व्हे करत दारोदार हिंडलोय. बंद दाराची बाहेरची बाजू मला नको तेवढी पाठ आहे. दार उघडलं.

दोन गोरी पोरं. एक दाराच्या चौकटीएवढा उंच, दुसरा त्याच्या खांद्याला लागणारा. पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, पाठीवर सॅक. जून महिना, म्हणजे इथला पावसाळा, त्यामुळे दोघंही निथळत होते. उंचाने जपानीत सुरुवात केली. मी म्हटलं, बाबा रे, इंग्रजीत बोल. तर तो जपानीतच म्हणाला की होता होईल तो जपानीच बोलायचं, असा आम्हाला दंडक आहे. मग कराडचा मी आणि अमेरिकेतल्या आयडाहोचा तो, उंबऱ्यात उभे राहून दहा मिनिटं जपानी बोललो. शेजारच्या आजी लिफ्टकडे निघाल्या होत्या. त्या थबकल्या आणि ही कुठली परदेशी भाषा असावी याचा अंदाज घेत निघून गेल्या.

आईला छातीवरच्या पाट्यांचं कुतूहल. दोघांच्याही पाटीवर आडनावाला जोडून 'चोरो'. मी सांगितलं, चोर नव्हे, चोरो. म्हणजे एल्डर, म्हणजे ज्येष्ठ. यांच्यात मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी प्रचाराला निघतात आणि निघाले की ज्येष्ठ होतात.

"हा ज्येष्ठ?" आई त्या धाकट्याच्या हनुवटीवरच्या मुरुमाकडे बघत म्हणाली. "मग मी कोण?"

ते एकमेकांनाही, अगदी खोलीवरसुद्धा, 'एल्डर अमुक'च म्हणतात. पाळण्यातलं नाव दोन वर्षं बासनात. आमच्या घरात त्यांची नावं थोरले थोरले आणि धाकटे थोरले अशी पडली.

"आत या, चहा टाकते," आई म्हणाली, आणि इथून खरी अडचण सुरू झाली.

मॉर्मन चहा पीत नाहीत. कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही. 1833 साली त्यांचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जो साक्षात्कार झाला, त्यात 'उष्ण पेयं' नकोत असं आलंय आणि उष्ण पेयं म्हणजे चहा-कॉफी असा त्याचा अर्थ लावतात. हे मी आईला मराठीत समजावत होतो. तिचा चेहरा, समोरच्याच्या घरी सुतक आहे असं कळल्यासारखा झाला.

"अर्धा कप?"

"नाही गं."

"बिनदुधाचा?"

"आई, चहाच नाही."

आमच्या घरात पाहुणा आणि चहा यांच्यात तिसरं काही शिरलेलं मी पाहिलेलं नाही. चहा झाल्याशिवाय माणूस बसल्यासारखा वाटत नाही आणि उठताही येत नाही. थोरले थोरले सोफ्याच्या टोकावर ओशाळून बसले होते. त्यांनी सांगितलं की इथे दहा बेला वाजवाव्या तेव्हा एखादं दार उघडतं, आणि जे उघडतं तिथली आजी आधी हिरवा चहा पुढे करते. हिरवाही चालत नाही, पान तेच ना! म्हणजे एवढी यातायात करून आत शिरायचं आणि पहिलं वाक्य कुठलं, तर 'नको'. चहाच्या देशात बिनचहाची माणसं पाठवणाऱ्याची मला कमाल वाटली.

शेवटी त्यांनीच तोड काढली. मुगिचा चालतो. जव भाजून पाण्यात उतरवतात, बर्फ घालून पितात. नावात चहा, पण चहाचं पान औषधालाही नाही.

"मुगाचा?" आई म्हणाली. "मुगाचा चहा?"

त्या दिवसापासून आमच्या फ्रिजमध्ये 'मुगाचा चहा' कायमचा आला. मला स्वतःला तो तवा धुतलेल्या पाण्यासारखा लागतो, पण विचारतंय कोण.

पोरं येत राहिली. त्यांचा दिवस ऐकून मला आमचा प्रोजेक्ट मॅनेजर मवाळ वाटायला लागला. पहाटे साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मैत्रीण नाही. खर्च स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खिशातून. सोमवारी थोडी मोकळीक, त्यात कपडे धुवायचे, वाणसामान आणायचं आणि पंक्चर काढायचं. जोडीदार वरून ठरवून येतो, आणि त्याला नजरेआड करायचं नाही. सहा आठवड्यांनी वरूनच हुकूम आला तर काडीमोड. धाकटे थोरले हळूच म्हणाले की थोरले झोपेत घोरतात, आणि जपानीत घोरतात.

दुसरा एक नियम आम्हाला अपघाताने कळला. एका दुपारी आई एकटी होती. पोरं आली, पण घरात दुसरा पुरुष नसेल तर एकट्या बाईच्या घरात जायचं नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबली. हे त्यांनी जपानीत सांगितलं, आईने मराठीत ऐकलं. मी घरी आलो तेव्हा दोन ज्येष्ठ सातव्या मजल्याच्या व्हरांड्यात उभे राहून पोहे खात होते आणि आई त्यांना लिंबू पिळून देत होती.

"वारावर जेवणारी पोरं असायची ना आपल्याकडे," ती म्हणाली, "तशीच ही."

आणि खरंच, त्यांच्या मंडळीतली कुटुंबं वार वाटून घेतात आणि यांना जेवायला बोलावतात. बुधवार रिकामा होता. तो आईने घेतला.

भाषेचं त्यांचं दुःख मला फार जवळचं. धाकट्या थोरल्यांनी पहिला महिनाभर लोकांना सांगितलं होतं की देवाने गाजरं निर्माण केली आणि देवाचं गाजरांवर फार प्रेम आहे. निनगेन म्हणजे माणूस, निनजिन म्हणजे गाजर. लोक माना डोलवत होते. मग मीही माझं गुपित सांगितलं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका वरिष्ठ बाईंना 'इथे बसू का' असं विचारायला गेलो आणि 'सुवात्ते'च्या जागी 'सावात्ते' म्हणालो. म्हणजे 'हात लावू का'. पुढचे सहा महिने मी मीटिंगमध्ये उभाच राहिलो.

धर्मावरही बोलणं व्हायचं, नाही असं नाही. थोरल्यांनी सांगितलं की त्यांचे पहिले प्रचारक जपानात 1901 मध्ये आले आणि 1924 मध्ये गाशा गुंडाळून परत गेले. तेवीस वर्षांत दोनशे माणसंही मिळाली नव्हती. 1948 मध्ये पुन्हा आले. आमच्या कंपनीने तिसऱ्याच तिमाहीत क्लायंटला नमस्कार केला असता. मंडळीच्या लांबलचक अधिकृत नावात 'संत' आहेत हे कळल्यावर आईने चौकशी केली की यांच्यात अभंग म्हणतात का.

मग त्यांनी त्यांचं पुस्तक दिलं. 1830 साली पहिल्यांदा छापलेलं, मॉर्मनचा ग्रंथ. आईने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवून वर जास्वंद वाहिलं. जास्वंद कापडी होतं, पण भाव खरा होता. पोरं बराच वेळ देव्हाऱ्याकडे बघत राहिली. हा विजय म्हणावा की पराभव, याबद्दल त्यांना प्रशिक्षणात काही सांगितलेलं नसावं.

उपासावर मात्र आईचं त्यांच्याशी बिनसलं. महिन्यातला पहिला रविवार यांचा उपास. दोन जेवणं बंद, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेले पैसे गरिबांना. आईने नेमकं त्याच दिवशी बोलावलं होतं.

"साबुदाणा?"

"नाही."

"भगर?"

"नाही गं."

"रताळं? दाण्याचा लाडू?" मी मान हलवत राहिलो. "मग याला उपास काय म्हणायचं?" ती म्हणाली. "उपाशी राहणंच झालं की हे."

आई परत जायच्या आठवड्यात थोरले थोरले शेवटचे आले. दुसरीकडे बदली झाली होती, तिथे चार महिने काढले की आयडाहोला घरी. आईने विचारलं, घरी फोन करतोस ना रे बाळा? मी भाषांतर केलं. आठवड्यातून एकदा, तो म्हणाला. तेही 2019 पासून. त्याआधी नाताळ आणि मदर्स डे, असे वर्षातून दोनच.

पोरं गेल्यावर आई कप विसळत म्हणाली, "आठवड्यातून एकदा. तूही रविवारीच करतोस."

"मला मीटिंगा असतात."

"त्याची दोन वर्षं संपली की तो घरी जाणार." तिने कप पालथा घातला. "तूही दोन वर्षांसाठीच आला होतास ना? प्रोजेक्ट का काय ते."

मी चहाचं आधण ठेवायला उठलो.

"घेशील ना?" मी म्हटलं. "मुगाचा का साधा?"