कोयता दोघांचा, टक्के एकट्याचे

दादाच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ४५ टक्के लिहिलंय. दाखला खोटा नाही. तपासणाऱ्यांनी त्याला चालायला लावलं, उजव्या हाताची मूठ आवळायला लावली, खांदा उचलायला लावला आणि जेवढं कमी भरलं तेवढं लिहिलं. आज सकाळी काय खाल्लंस, एवढंच कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, भाकरी. तो रोज भाकरीच म्हणतो. त्या दिवशी वहिनीनं त्याला स्टँडवर वडापाव दिला होता.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गाव केज तालुक्यातलं. दर वर्षी दसरा झाला की वहिनीला घेऊन कारखान्यावर जायचा, डोकी सेंटरच्या टोळीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची, ते डोकी सेंटर. सोळा वर्षं ज्या डोक्यावर मोळ्या वाहिल्या, त्याच डोक्याला मार बसला. २०२१ च्या फेब्रुवारीत घरच्या लग्नासाठी दोन दिवस गावाकडं आला होता. रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली दिसली नाही. ना लाइट, ना रिफ्लेक्टर. असल्या ट्रॉल्या आपल्याकडं मार्चपर्यंत कुठंही उभ्या असतात, त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

लातूरला पोचला तेव्हा केसपेपरवर जीसीएस ७ लिहिलं होतं. बेशुद्धी मोजायचा हा आकडा ३ ते १५ असतो आणि ८ किंवा त्याखाली आला की मार गंभीर धरतात. कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. तीन आठवडे आयसीयू. एक एकर गेलं. माणूस घरी आला तेव्हा अख्ख्या गावानं पेढे खाल्ले. वाचला ना, बस!

काय वाचलं आणि काय नाही, हे कळायला वर्ष गेलं. हात जरा कमजोर आहे, पाय ओढतो, तेवढं सगळ्यांना दिसतं. न दिसणारं असं की सांगितलेलं काम दाराबाहेर पडेपर्यंत विसरतो. शेगडी पेटवतो आणि निघून जातो. लेकरानं मोठ्यानं हसलं तरी अंगावर धावतो आणि मग स्वतःच रडत बसतो. पूर्वी टोळीतला सगळ्यात शांत गडी होता तो. आता रात्री दाराला बाहेरून कडी लावावी लागते.

अपघाताच्या भरपाईसाठी आम्ही दावा टाकला. कोर्टात ट्रॅक्टरच्या विमा कंपनीच्या वकिलांनी वहिनीच्या उलटतपासणीत विचारलं, “तुमचे पती आज स्वतःच्या पायानं चालत आले, हे खरे आहे काय?” वहिनी म्हणाली, खरंय. आता खोटं कसं बोलणार ती? बरं, वकिलांवर माझा राग नाही, त्यांचं कामच ते. हेल्मेट नव्हतं, हेही त्यांनी लावून धरलं होतं. न्यायाधिकरणानं, म्हणजे अपघाताचे दावे चालतात त्या कोर्टानं, चूक ट्रॅक्टरवाल्याची धरली, तेवढं एक बरं झालं.

भरपाईच्या पैशाचं गणित कसं होतं, ते आता सांगतो, कारण आमच्या भावकीत कुणालाच ते माहीत नव्हतं. मीही शाळामास्तर असून मला वाटायचं की न्यायाधीश दया येईल तसा आकडा टाकतात. तसं नसतं. महिन्याची कमाई धरायची, तिला बारानं गुणायचं. पुढं कमाई वाढली असती म्हणून त्यात भर घालायची. पगारी कायम नोकरी नसेल आणि वय चाळिशीच्या आत असेल तर ४० टक्के. हे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं. मग वयाप्रमाणे ठरलेला गुणक लावायचा, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातला. दादा तेव्हा ३४ वर्षांचा, म्हणजे गुणक १६. आणि या सगळ्याला शेवटी टक्क्यांची कात्री.

दादाची कमाई महिना १०,००० धरली. पगाराची स्लिप कुठून आणायची? टोळी नेणारा मुकादम साक्षीला यायला तयार नव्हता, आणि त्याच्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, होती तीही नवरा-बायकोची मिळून एकच. असो. वर्षाचे १,२०,०००, भर घालून १,६८,०००. त्याचे ४५ टक्के ७५,६००. गुणिले १६, १२,०९,६००. आता हेच गणित १०० टक्क्यांनी करून बघा. २६,८८,०००. एका कागदावरच्या एका आकड्यानं पावणेपंधरा लाख इकडचे तिकडं होतात.

माझं म्हणणं इथंच आहे. कायदा असं म्हणतच नाही की दाखल्यावरचा टक्का उचलून गुणाकारात टाका. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टानं स्वच्छ सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. ड्रायव्हरचा किंवा सुताराचा डावा हात गेला तर त्याची कमाई जवळपास सगळी गेली, कारकुनाचा गेला तर त्याची नोकरी टिकूही शकते. म्हणून आधी हे बघायचं की माणूस काय करत होता आणि आता त्यातलं काय करू शकतो. दादाच्या हातात कोयता द्यायचा म्हटलं तरी शेजारचे चार लोक उठून लांब जातील. मग त्याचं कमाईचं नुकसान ४५ कसं? पण डॉक्टरांच्या साक्षीत हात-पायच आले. स्मरणशक्तीच्या, मानसशास्त्रीय चाचण्या आम्ही केल्याच नाहीत, कारण अशा चाचण्या असतात हेच माहीत नव्हतं. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत, त्यात अपघातात मेंदूला बसलेला मार असं वेगळं नावच नाही. मग दाखला देणारा दिसतं त्या खान्यात बसवतो.

आणि आता वहिनी. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला, हिशेब जोडीचा. दादाचं डोकं गेलं त्या दिवशी वहिनीचीही मजुरी गेली, कारण अर्ध्या कोयत्याला मुकादम विचारत नाही. शिवाय त्याला चोवीस तास धरून बसायचं कुणी? निकालात सांभाळणाऱ्या माणसाच्या खर्चापोटी १ लाख दिलेत. एकदाच. चार वर्षांपेक्षा जास्त तिनं आधीच सांभाळलंय, पुढची तीस वर्षं कोण मोजणार?

मोजता येतं, हेही मला उशिरा कळलं. हरियाणातल्या बारा वर्षांच्या एका मुलीचा खटला आहे. २००७ मध्ये आईबापांबरोबर ट्रॅक्टरवरून जाताना ट्रकनं ठोकलं. मेंदूला असा मार की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. खाली ११ लाख मिळाले, हायकोर्टात पंचवीस लाखांच्या वर गेले, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते ६२ लाख २७ हजारांवर नेले. त्यात तिला सांभाळणाऱ्या दोन माणसांचे महिना पाच-पाच हजार धरले आणि तिथंही गुणक लावला, १८. ते एकटे २१ लाख ६० हजार झाले. म्हणजे सांभाळणं हे एकरकमी खिरापत वाटायचं कलम नाही, ते वर्षानुवर्षांचं काम आहे आणि कमाईसारखंच गुणलं जातं. महिन्याला नुसते ८,००० धरले तरी दादाच्या बाबतीत १५ लाख ३६ हजार होतात. घरातली बाई करते म्हणून ते फुकट, हा हिशेब कायद्याचा नाही. आपला आहे. आमच्या वकिलांनीही अर्जात ते नीट मागितलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायची अट आलीय. मेंदूच्या माराच्या बाबतीत हे फार अवघड आहे, कारण सहाव्या महिन्यात घरचे अजून ‘होईल बरा’ म्हणून नवस फेडत असतात. तरी दावा टाका. अपघात कुठंही झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात टाकता येतो. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. माणूस काय विसरला, कुणावर धावला, रात्री किती वेळा उठला, सगळं तारखेसकट. लोकअदालतीत लगेच तडजोड करा म्हणून चारी बाजूंनी सांगतील. काही प्रकरणांत ते बरोबरही असतं. पण डोक्याच्या मारात निदान वर्षभराचं चित्र दिसल्याशिवाय सही करू नये, असं माझं मत झालंय.

आमचं अपील आता संभाजीनगर खंडपीठात आहे. निकालापासून ९० दिवसांची मुदत होती, शेवटच्या आठवड्यात दाखल झालं.

परवा वहिनी आली होती. थोरला आता सोळाचा झाला, मुकादम म्हणतोय माय-लेकाचा कोयता घेतो. उचलीची तिला नड आहेच. मला म्हणाली, “भाऊजी, मी उसाला गेले तर दाव्याला काही होईल का? ते म्हणतील, बाई गेली निघून, मग याला सांभाळणारं कशाला पाहिजे?” मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, जाऊ नका असं मी कसं म्हणू, पण मागं त्यांना कोण सांभाळतंय ते लिहून ठेवा.

वहिनी म्हणाली, आत्याबाई सांभाळतील. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी चुलती. वहीत चुलतीचं नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात ७४.