नदीएवढीच दवाखान्याचीही चर्चा व्हायला हवी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांच्याही वर गेली. तेव्हापासून बडोद्यात वाद आहे तो नदीचा. पात्र रुंद करा, भुखी कांस हा नाला मोकळा करा, आजवा धरणाचं पाणी सोडण्याआधी सांगा, काठावरची बांधकामं पाडा. सगळं रास्तच आहे. पण पाणी चढल्यावर आजारी माणसाचं काय होतं, हे कोणी विचारत नाही.

माझी मावशी अकोट्याला राहते. पुरात वीज गेली, फ्रिज बंद पडला आणि आत इन्सुलिन. शेजारच्या मुलाने कुप्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवल्या, म्हणून निभावलं. खालच्या मजल्यावरच्या काकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. त्यांची एक खेप चुकली. पुढच्या खेपेला ट्रॅक्टरवर बसवून न्यावं लागलं, तोवर पाय सुजून टम्म झाले होते.

मी फ्रान्समध्ये, लिऑनला राहते. २००३ च्या ऑगस्टमधल्या उन्हाने या देशात सुमारे १५,००० माणसं गेली. बहुतेक म्हातारी, कितीतरी एकटी राहणारी. त्यानंतर, २००४ मध्ये कायदा झाला. प्रत्येक नगरपालिका अशा लोकांची यादी ठेवते आणि उष्णतेचा इशारा आला की त्यांना फोन करते. फोन उचलला नाही तर कोणीतरी दारात जातं. वृद्धाश्रमात निदान एक खोली थंड हवी, हेही ठरलं. इथेही सगळं सुरळीत नाही. नाव आपोआप लागत नाही, स्वतः किंवा जवळच्या कोणीतरी नोंदवावं लागतं आणि ज्यांना खरी गरज, तेच पुष्कळदा नोंदवत नाहीत. त्या बाबतीत आपली दांडिया बाजारची वाडी बरी, कोण आजारी आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. गोत्री-वासणाच्या नव्या टॉवरमध्ये मात्र ते आता उरलेलं नाही.

फार लांब जायलाही नको. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत एरवीपेक्षा १,३०० हून जास्त माणसं दगावली आणि २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णतेशी लढायचा आराखडा केला. फ्रान्समधल्यासारखी यादी बडोद्यात वॉर्डावॉर्डात आशाताईंकडून करून घ्यावी: डायलिसिसवाले, घरी ऑक्सिजनवर असलेले, दिवस भरत आलेल्या बायका, एकटे म्हातारे. पुरात कामी येईल ती मे महिन्यातही येईल.

दुसरी गोष्ट पुलांची. विश्वामित्री चढली की शहराचे दोन तुकडे होतात. सयाजी हॉस्पिटल, म्हणजे मोठा सरकारी दवाखाना, पूर्वेला. पूल बंद झाले तर पश्चिमेकडच्या अलकापुरीतली दिवस भरलेली बाई कुठे जाणार? डायलिसिस आणि बाळंतपणाची सोय दोन्ही काठांवर, उंच जागी हवी. जनरेटर, औषधांचा साठा, लसींचे फ्रिज तळघरात आणि तळमजल्यावर ठेवणं बंद व्हायला हवं. पाणी ओसरल्यावर डेंग्यू आणि लेप्टोची (उंदरांच्या मुतामुळे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) साथ येते, त्यासाठी गोळ्या आणि रक्ततपासणीचं सामान जूनमध्येच केंद्रांवर पोचलेलं असावं. नदीच्या कामाला वर्षं लागतील, पण जनरेटर वरच्या मजल्यावर न्यायला एक उन्हाळा पुरे.