दोन अंडरस्कोअर पुढं, दोन मागं

पायथन शिकून झालं असेल आणि कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एखाद्या गुळाच्या अडत दुकानाचं पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचं, सॉफ्टवेअर लिहायचं काम मिळालं असेल, तर आधी अभिनंदन आणि मग एक कळकळीची विनंती: साधा कोड लिहू नका. साधा कोड दुसऱ्याला कळतो. कळला की तो दुरुस्त करतो, आणि एकदा दुरुस्त झाला की मालक दर महिन्याला तुम्हाला पैसे कशाला देतील?

पट्टीचं गणित म्हणाल तर पाचवीतलं. शेतकऱ्याचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आले, वजन झालं, सौद्यात दर निघाला, गुणाकार केला. त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा केली, उरलं ते त्याच्या हातात. एका फंक्शनात बसतं हे सगळं. पण फंक्शन लिहून आजवर कुणाचं नाव झालंय? तुम्ही क्लास लिहा. ‘पट्टी’ नावाचा क्लास, म्हणजे साचा, त्यातून निघणारे ऑब्जेक्ट, म्हणजे एकेका शेतकऱ्याची पट्टी, आणि त्यात डंडर मेथड्स, म्हणजे क्लासमधली खास फंक्शनं: नावापुढं दोन अंडरस्कोअर, मागं दोन. या मेथड्सना आपण हाक मारायची नसते. तुम्ही अधिकचं चिन्ह टाकलंत, लांबी विचारलीत, दोन गोष्टी सारख्या आहेत का पाहिलंत की पायथन स्वतः जाऊन त्यांना उठवतं. कोड वाचणाऱ्याला दिसतं फक्त अधिकचं चिन्ह. आत काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक आणि देवाला.

सुरुवात वजनांच्या यादीपासून करा. क्लासच्या पहिल्याच ओळीत लिहून टाका: वजने बरोबर रिकामी यादी. (पायथन ३ मध्ये नावं देवनागरीतही चालतात. बंगळूरहून कोणी कोड तपासणार असेल तर ही सोय जरूर वापरावी.) खरं तर प्रत्येक पट्टीला तिची वेगळी यादी डंडर इनिटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट जन्मताना चालणाऱ्या मेथडमध्ये, द्यायची असते, पण तेवढं विसरा. आता पट्टीकडं वजने मागितली की पायथन आधी त्या ऑब्जेक्टच्या स्वतःच्या नावांत शोधतं, तिथं नसेल तर क्लासकडं जातं. अपेंड केल्यानं नवीन यादी तयार होत नाही, सापडली त्याच यादीत भर पडते. थोडक्यात, यार्डातल्या सगळ्या शेतकऱ्यांची यादी एकच.

सकाळी पहिला येतो पन्हाळ्याचा, १२ रवे, पट्टी चोख. दुसरा कागलचा, त्याचे ८, पट्टीवर २०. तो कागद दोनदा वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि मालकानं सांगितलेला चहा न पिताच निघतो. ज्याच्या पट्टीत जास्त येतं तो कधी तक्रार करत नाही, त्यामुळं हा बग दुपारपर्यंत निवांत जगतो. दुपारी मालकच चष्मा वर करून विचारतात, “आरं, ह्या एकट्याच्या गुऱ्हाळात एवढा गूळ निघतो व्हय?” तेव्हा म्हणायचं, “मालक, सर्व्हर स्लो हाय.”

कोणी हुशार पोरगा म्हणालाच की यादी क्लासमध्ये लिहिली म्हणून घोळ होतोय, तर त्याला शेजारची ओळ दाखवा. उचल बरोबर शून्य, तीही क्लासमध्येच लिहिलेली आणि बिनचूक चालणारी. कारण सेल्फच्या, म्हणजे त्या पट्टीच्या स्वतःच्या, उचलीत ५०० मिळवले की पायथन क्लासमधलं शून्य वाचतं, बेरीज करतं आणि उत्तर त्या ऑब्जेक्टवर नव्यानं लिहितं. आकडा बदलता येत नाही, म्हणून नवीन आकडा जन्माला येतो आणि तो ज्याचा त्याचा राहतो. यादी मात्र आतल्या आत बदलते. हा फरक त्या पोराला कळेपर्यंत गुळाचा हंगाम संपतो.

इथं एक धोका सांगून ठेवतो. २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून पायथनमध्ये डाटाक्लास आला. तो इनिट, रेप्र (ऑब्जेक्ट छापला की काय दिसावं ते ठरवणारी), ईक्यू (दोन ऑब्जेक्ट सारखे का ते ठरवणारी) स्वतःच लिहून देतो आणि फील्डची सुरुवातीची किंमत म्हणून रिकामी यादी दिली की सरळ एरर फेकतो. असल्या गोष्टी ऑफिसात शिरू देऊ नका.

आता बेरीज. डंडर अ‍ॅड लिहा म्हणजे पट्टी अधिक पट्टी करता येईल. आकड्यांची बेरीज केली तर मूळचे आकडे होते तसेच राहतात, ही अगदी जुनाट रीत. तुम्ही डाव्या पट्टीतच उजवीची रक्कम ओतून तीच परत करा. मग मालकांनी दिवसाचा रिपोर्ट दोनदा काढला की पहिल्या शेतकऱ्याची रक्कम आपोआप वाढते. तिसऱ्यांदा काढला तर त्याच्या पोरीचं लग्न निघतं. रिपोर्ट बघितल्यानं पैसे वाढतात, असं सॉफ्टवेअर पुण्यातही मिळायचं नाही.

डंडर लेन तर हवीच. पट्टीची लांबी म्हणजे रव्यांची संख्या, ऐकायला किती सुंदर. यातली मेख अशी की डंडर बूल लिहिलेली नसेल तर ‘जर पट्टी असेल’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला पायथन डंडर लेनकडं जातं, आणि लांबी शून्य आली की पट्टी खोटी ठरते. समजा एकानं २० हजारांची उचल नेली आणि अजून एकही रवा पाठवला नाही. वसुलीच्या रिपोर्टात तुमचा कोड ‘जर पट्टी असेल’ असं विचारतो, पायथन शून्य रवे मोजतं आणि म्हणतं, नाही. उचल माफ! सरकारला इतकी वर्षं जमली नाही इतकी सुटसुटीत कर्जमाफी तुम्ही एका मेथडमध्ये करून दाखवलीत.

दोन पट्ट्या सारख्या कधी मानायच्या, हे डंडर ईक्यूमध्ये तुम्हीच ठरवायचं असतं. आडनावावरून ठरवा. करवीर तालुक्यातल्या कुठल्याही चावडीसमोर “ओ पाटील!” अशी हाक मारून बघा किती माना वळतात. पैसे दिलेल्या पट्ट्यांच्या यादीत ही पट्टी आहे का, असं प्रोग्रामनं विचारलं की पहिल्या पाटलांनंतर आलेल्या प्रत्येक पाटलाला उत्तर मिळेल: दिले की सकाळीच. पण ईक्यू लिहिलंत आणि हॅश, म्हणजे ऑब्जेक्ट कुठल्या जागी ठेवायचा-शोधायचा ते सांगणारा आकडा, लिहिलं नाहीत, तर पायथन फाजील शहाणपणा करून त्या क्लासचं हॅशच काढून घेतं. मग पट्टी सेटमध्ये, म्हणजे एक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या संचात, टाकता येत नाही, डिक्शनरीची ‘की’ (किल्ली) म्हणून चालत नाही. घाबरू नका, डंडर हॅश एकूण वजनावरून काढा. सकाळी पट्टी सेटमध्ये टाकली, दुपारी आणखी दोन रवे आले, वजन बदललं, हॅश बदललं. आता ही पट्टी सेटमध्ये आहे का विचारलंत तर पायथन नव्या हॅशच्या जागी बघतं आणि नाही म्हणतं. सगळा सेट छापून बघितलात तर तीच पट्टी तुमच्याकडं बघून हसत असते.

माझी सगळ्यात आवडती मेथड मात्र डंडर गेटअ‍ॅटर. मागितलेलं नाव कुठंच सापडलं नाही की शेवटचा उपाय म्हणून पायथन हिच्याकडं येतं. इथं मुकाट्यानं शून्य परत करा. एकदा एवढं केलंत की पुढं शुद्धलेखनाची चिंता नाही. घाईत कोणी हमाली ऱ्हस्व लिहिली तर पायथन कुरकुरत नाही, शून्य देतं, आणि त्या पट्टीतून हमाली कापलीच जात नाही. संध्याकाळी हमाल मंडळी दारात उभी राहिली की त्यांना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम समजावून सांगायला मालकांना पुढं करा.

चहाच्या गाड्यावर कोणी सिनियर भेटला तर थोडं तत्त्वज्ञानही लागतं, तेवढं पाठ करून ठेवा. गिदो व्हान रोसम यांनी पायथन १९९१ मध्ये बाहेर आणलं तेव्हा भाषेतले तयार टाइप वेगळे आणि आपण लिहिलेले क्लास वेगळे होते. ही भिंत पडायला २००१ च्या २.२ पासून सुरुवात झाली, आणि २००८ च्या ३.० मध्ये जुन्या पद्धतीचे क्लास कायमचे गेले. आता क्लास हाही एक ऑब्जेक्टच, त्याचा टाइप ‘टाइप’, आणि टाइपचा टाइप पुन्हा टाइपच. हे शेवटचं वाक्य रंकाळ्याकडं बघत, सावकाश म्हणायचं. समोरचा पुढं काही विचारत नाही.

इतकं करूनही कोणी खोलात शिरलाच, तर एखाद्याच पट्टीच्या अंगावर डंडर लेन नावाचं भलतंच फंक्शन चिकटवून ठेवा. लांबी विचारणारं लेन त्याकडं ढुंकूनही बघत नाही, कारण डंडर मेथड पायथन क्लासवर शोधतं, ऑब्जेक्टवर नाही. तपासणारा दिवसभर ते फंक्शन बदलत बसेल आणि उत्तर तेच येत राहील. डंडर रेप्रमधून रिकामी स्ट्रिंग परत केलीत तर त्याला आपण कुठली पट्टी तपासतोय हेही कळणार नाही.

राहिला प्रश्न हिशेब फाइलीत साठवायचा. ते काम डंडर डेलकडं सोपवा. ऑब्जेक्टला धरून ठेवणारं शेवटचं नाव सुटलं आणि गार्बेज कलेक्टर, म्हणजे पायथनचा झाडूवाला, आला की ही मेथड चालते, पण प्रोग्राम बंद होताना जे ऑब्जेक्ट शिल्लक असतील त्यांच्यासाठी ती चालेलच अशी हमी पायथन देत नाही. वर तिच्यात एरर आली तर प्रोग्राम थांबत नाही, कुठंतरी एक ओळ छापून मोकळा होतो. यापेक्षा विश्वासू जागा तुम्हाला मिळणार नाही. पाडव्याला मालक वहीची पूजा आटोपून विचारतील, “कालचा हिशेब कुठं हाय?” तेव्हा शांतपणे सांगा, “मालक, गार्बेज कलेक्टर घेऊन गेला.”