खरखर पुसली की गाण्यातलं काय जातं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लोकसंगीताच्या अल्बमच्या माझ्या यादीवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: यादीतले पहिले चारही अल्बम १९२७ ते १९३४ मधल्या अमेरिकी तबकड्यांवरून केलेले, त्यांत गाण्यापेक्षा खरखर जास्त, याच गाण्यांच्या 'स्वच्छ' आवृत्त्या यूट्यूबवर फुकट असताना वाचकांना गोंगाट ऐकायला लावणं हा रसिकतेचा दिखावा, आणि तुमच्या घरच्या एचएमव्हीच्या तबकड्याही याहून बऱ्या वाजतात.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. तो अगदी बरोबर आहे, आणि बाकीच्या आक्षेपांचं उत्तर त्यातूनच निघतं. तबकडी किती जुनी यापेक्षा ती कोणत्या कारखान्यात दाबली गेली, यावर खरखर जास्त ठरते. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीत लाख असते, पण लाखेपेक्षा दगडाची बारीक पूड जास्त असते. पोलादी सुई पहिल्या काही वेढ्यांतच झिजून खाचेच्या आकाराची व्हावी, म्हणून ही पूड मुद्दाम घालत. पूड जितकी भरड, तितकी सततची 'सूं' मोठी. व्हिक्टर कंपनीचा माल चांगला होता. कोलंबिया तर गाभा स्वस्त मालाचा ठेवून वर बारीक लाखेचा पातळ थर देत असे, त्यामुळे त्यांच्या त्या काळातल्या तबकड्या आजही शांत वाजतात. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. फोनोग्राफची कपाटं खपावीत म्हणून तिने तबकड्या काढायला सुरुवात केली, आणि मालात काटकसर केली.

हे स्वतः तपासून बघा. जुन्या तबकड्यांचा संग्राहक हॅरी स्मिथ याने १९५२ मध्ये फोकवेज कंपनीसाठी केलेला 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' घ्या. ८४ गाणी, तीन खंड. तिसऱ्या खंडात क्लॅरेन्स ॲशलीचं 'द कू कू बर्ड' आहे, १९२९ चं, कोलंबियाचं. त्याच खंडात ब्लाइंड लेमन जेफरसनचं 'सी दॅट माय ग्रेव्ह इज केप्ट क्लीन' आहे, १९२८ चं, पॅरामाउंटचं. दोन्हींत अंतर दोन वर्षांहूनही कमी. ॲशलीच्या बँजोची आखूड पाचवी तार, शाहिरामागे तुणतुणं वाजत राहावं तशी, गाणंभर स्पष्ट ऐकू येते. जेफरसनपर्यंत पोचायला मात्र खरखरीचा पडदा बाजूला सारावा लागतो.

आता 'स्वच्छ' आवृत्त्यांबद्दल. सफाई दोन प्रकारची असते आणि तुमच्या प्रतिक्रियेत ती एकच धरली गेली आहे. पहिली टिकटिक काढण्याची. चरा किंवा धुळीचा कण यामुळे आलेला क्षणाचा आवाज कापून दोन्ही बाजूंच्या ध्वनीवरून ती जागा भरतात. हे नीट केलं तर माझी काहीच हरकत नाही. फक्त बँजोवर नखाचा आघात सॉफ्टवेअरलाही टिकटिकीसारखाच दिसतो. सेटिंग जरा कडक ठेवलं की तार छेडल्याची धार जाते आणि बँजो कापडात गुंडाळल्यासारखा वाजतो.

दुसरी सफाई सततच्या 'सूं'ची, आणि खरं नुकसान तिथे होतं. सॉफ्टवेअर खरखरीचा एक नमुना घेतं आणि त्या पातळीच्या खाली जे जे सापडेल ते दाबतं. पण त्या पातळीच्या खाली फक्त खरखर नसते. 'स', 'श', 'फ' यांची हवा तिथे असते, तारेचा विरत जाणारा नाद तिथे असतो, ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा अंदाज देणारी आस तिथेच असते. जेफरसनच्या त्या गाण्यात चर्चच्या घंटेचा उल्लेख येतो आणि तो गिटारच्या खर्जाच्या तारेवर घंटेचा टोल देतो. टोल पडला की तो विरायला जागा लागते. जोरदार सफाई केलेल्या प्रतीत टोल पडतो आणि लगेच दार बंद झाल्यासारखी शांतता येते. गाण्याचा अर्थच त्या विरण्यात आहे.

ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट' (डिसेंबर १९२७, डॅलस, कोलंबिया) याहून नाजूक. त्यात शब्दच नाहीत. गुणगुणणं आणि तारेवरून घसरत जाणारा गिटारचा सूर एवढंच. १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत ते आहे, आणि त्याच तबकडीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवीही आहे.

कुठलीही प्रत ऐकताना या तीन जागा तपासा. ओळ संपल्यावर खरखर एकदम नाहीशी होऊन पुढच्या ओळीबरोबर परत येते का? आवाजाभोवती पाण्याखाली बुडबुडे फुटल्यासारखं काही ऐकू येतं का? 'स'चा 'थ' झालाय का? यातलं एक जरी सापडलं तरी ती प्रत सोडा. स्थिर, एकसारखी 'सूं' कान दोन-तीन गाण्यांत बाजूला टाकतो. चालू-बंद होणारी सूं तो कधीच विसरत नाही.

बऱ्याच फुकट प्रतींत तर चूक त्याआधीच, तबकडी वाजवतानाच झालेली असते. ७८ च्या खाचेला साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई १ मिल किंवा त्याहून बारीक. ती खाचेच्या तळाशी, नेमकी धुळीतून घासत जाते. शिवाय आजच्या फोनोला (तबकडीचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) एलपीचं आरआयएए समीकरण, म्हणजे वरच्या-खालच्या पट्ट्या ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करणं, असतं. ते १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापतं. या तबकड्या कापताना वरची पट्टी तेवढी उचललेलीच नव्हती, त्यामुळे आवाज बोदा आणि खर्ज फुगलेला येतो. मग कुणीतरी ट्रेबल वाढवतं, त्याबरोबर खरखर वाढते, आणि ती घालवायला सफाईचं सॉफ्टवेअर येतं. घरच्या एचएमव्ही तबकड्या संगणकावर घ्यायच्या असतील तर हेच लागू. ७८ ची सुई घ्या, आणि धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात वापरू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं.

ऐकणाऱ्याच्या हातातही बरंच आहे. या सगळ्या तबकड्या मोनो. त्यांत संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत निव्वळ घाण. स्टिरिओ सुईने घेतलेल्या प्रतीत दोन्ही कानांत वेगवेगळी टिकटिक येते. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की ती उभी घाण बरीचशी एकमेकींना खोडते. इक्वलायझरवर ७-८ किलोहर्ट्झच्या वर ४ ते ६ डेसिबल हलकेच उतरवा. विजेच्या मायक्रोफोनने केलेल्या त्या काळच्या ध्वनिमुद्रणात त्या पट्टीत फारसं संगीत नसतंच, आणि हा उतार गाणंभर एकसारखा राहतो. कानात खुपसायच्या इअरफोनपेक्षा साधा स्पीकर बरा. 'रीप्रोसेस्ड स्टिरिओ' (मोनोवरून कृत्रिमपणे केलेला स्टिरिओ) असं लिहिलेली १९६० च्या दशकातली एलपी हाती आली तर बाजूला ठेवा.

'दिखावा' हा शब्द मात्र मान्य नाही. स्मिथने निवड १९२७ ते १९३२ मध्येच का केली, ते त्याने स्वतः नोंदवलं आहे: १९२७ च्या सुमारास विजेच्या ध्वनिमुद्रणाने संगीत नीट पकडता येऊ लागलं, आणि १९३२ पर्यंत मंदीने अशा तबकड्यांची विक्री थांबवली. या पाच-सहा वर्षांत टेनेसीपासून टेक्सासपर्यंतचे शेतमजूर, गिरणी कामगार, आंधळे भिक्षेकरी गायक मायक्रोफोनसमोर आले. त्यांच्यातल्या कित्येकांचं दुसरं कुठलंही ध्वनिमुद्रण नाही. खरखरीसकट हे एवढंच आहे.

तरीही ऐकण्याचा क्रम बदलायला हवा, हे तुमच्या प्रतिक्रियेमुळे पटलं. खरखर सहन होत नसेल त्यांनी मिसिसिपी जॉन हर्टचा १९६६ चा 'टुडे!' आधी घ्यावा. तो टेपवरचा आहे, आवाज लख्ख. त्यातली 'लुइस कॉलिन्स' आणि 'स्पाइक ड्रायव्हर्स ब्लूज' दोन-तीनदा ऐका. अंगठा खर्जावर ठोका धरतो आणि बोटं वर चाल वाजवतात, ते कानात बसू द्या. मग तीच दोन गाणी त्याच्या १९२८ च्या ओकेह कंपनीच्या तबकड्यांवरून ऐका. काय शोधायचं ते कानाला माहीत असेल, आणि तोच अंगठा खरखरीतूनही सापडेल.

त्यानंतर टेनेसीतल्या ब्रिस्टलची १९२७ ची ध्वनिमुद्रणाची सत्रं, म्हणजे व्हिक्टरचं चांगलं काम: १ ऑगस्टला कार्टर कुटुंब, ४ ऑगस्टला जिमी रॉजर्स, दोघांचंही पहिलंच ध्वनिमुद्रण. मग स्मिथचा अँथॉलॉजी, स्मिथसोनियन फोकवेजने १९९७ मध्ये सहा सीडींवर काढलेला, खंड तिसरा आधी. ब्लूज गायक चार्ली पॅटन सगळ्यात शेवटी. त्याचं बहुतेक काम पॅरामाउंटचं, काही तबकड्यांच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्या आहेत, त्याही झिजलेल्या. गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐका. पहिल्या ऐकण्यात निम्मेही शब्द लागणार नाहीत. एका बैठकीत तीन-चारच गाणी घ्या.