‘ताकद नसलेल्यांचा सल्ला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मॉड, म्हणजे एखाद्या गेममध्ये चाहत्यांनी स्वतः बनवून घातलेली भर, अर्धवट का राहतात यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. एरवी मी एक-दोन ओळींत आभार मानून मोकळा होतो. पण तुमच्या लिहिण्यावर गप्प बसलो, तर मला ते पटलं असाच अर्थ निघेल.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं होतं की उत्साहाची वाट पाहू नका, मॉडचा आवाका कापा आणि जेवढं तयार आहे तेवढं लवकर लोकांच्या हाती द्या. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘ज्यांच्यात पूर्ण करायची ताकद नसते, तेच लहान करा म्हणून सांगतात. ब्लॅक मेसा किंवा एंडराल असल्या सल्ल्यांवर उभे राहिले नाहीत.’ (हे दोन्ही गाजलेले मोठे मॉड.) त्यापुढे टीम कशी सांभाळावी यावर मी काहीच लिहिलं नाही, तुकड्यातुकड्यांनी मॉड दिला तर लोकांच्या जुन्या सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला याच्या नोंदी) मोडतात, लेख लांबलाय, स्क्रीनशॉट नाहीत, वगैरे.

स्क्रीनशॉटचं मान्य. टाकतो. लेख लांबल्याची तक्रार मात्र इतकी लांबलचक प्रतिक्रिया लिहिणाऱ्याकडून यावी, याची गंमत वाटली.

आता ‘ताकद’. मतभेदाला माझी अजिबात हरकत नाही, इथे नेहमी येणाऱ्यांना ते ठाऊक आहे. हरकत आहे ती समोरच्याची लायकी काढून मग मुद्द्याकडे वळण्याला. तुम्ही मला ओळखत नाही. माझा एखादा मॉड कधी खेळलात का, तेही लिहिलेलं नाही. स्वतः काय पूर्ण केलंत याचा तर उल्लेखच नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर खुशाल हाका, पण निदान उंट कुठला ते तरी सांगा.

माझ्यापुरतं सांगतो. मी मॉरोविंड या गेमच्या काळापासून यात आहे. त्याच मालिकेतल्या स्कायरिमसाठी मी एक दीपगृहाची क्वेस्ट (खेळणाऱ्याने पार पाडायची कामगिरी) करायला घेतली, तेव्हा आराखड्यात अख्खं बेट होतं. बंदर होतं, एकमेकांशी भांडणारे दोन गट होते, आणि खेळणारा कोणाची बाजू घेतो त्यावर ठरणारे वेगवेगळे शेवट होते. वह्या भरल्या होत्या. स्वप्नं पाहण्यात मी तुम्हाला हार गेलो नसतो.

आणि मग नेव्हमेश आला. ज्यांनी क्रिएशन किट (स्कायरिमचे मॉड बनवायचं सॉफ्टवेअर) उघडलेलं नाही त्यांच्यासाठी: पात्रांना कुठून चालता येतं ते गेमला कळावं म्हणून जमिनीवर त्रिकोणांचं जाळं पसरावं लागतं. ते आपोआप काढायची सोय आहे, पण ते जाळं टेबलावर चढतं, पिंपांच्या मधे घुसतं. मग एकेक बिंदू पकडून सरकवत बसायचं. दाराशी जाळं नीट जोडलं गेलं नाही तर गेममध्ये तुमच्या मागे फिरणारा सोबती बाहेरच उभा राहतो आणि खेळणाऱ्याला वाटतं गेम बिघडला. हे सगळं सपाट जमिनीवर. दीपगृहात गोल जिना असतो, महाराज. त्या जिन्याच्या पायऱ्यांवर त्रिकोण बसवताना शेवटांची वही काही कामाला येत नाही.

मी बेट कापलं. बंदर कापलं, दोन्ही गट गेले. उरलं दीपगृह, त्याखालचं तळघर आणि एक रखवालदार. तेवढं प्रसिद्ध केलं. थोड्याच दिवसांत एका अनोळखी माणसाने कळवलं की तुमचा रखवालदार वरच्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून चालतच राहतो, बिचाऱ्याला कुणीतरी सोडवा. मी त्याच रात्री बसलो. जो जिना महिनोन्‌महिने टाळत होतो, तो त्या एका तक्रारीपायी दुरुस्त केला. कारण आता कोणीतरी तो चढत होतं. माझ्या लेखात एवढंच होतं. ते तुम्हाला ताकदीचा अभाव वाटत असेल तर वाटो.

ब्लॅक मेसाचं उदाहरण तुम्ही दिलंत, मी नाही. त्यामुळे त्यावर बोलणं भाग आहे. हाफ-लाइफ हा जुना गेम नव्याने बांधण्याचा हा मॉड 2012 च्या सप्टेंबरमध्ये आला, तेव्हा झेन नावाच्या दुनियेतला शेवटचा भाग त्यात नव्हताच. झेनसकट पूर्ण आवृत्ती यायला 2020 चा मार्च उजाडला, आणि मधल्या काळात त्याचा विकत मिळणारा गेमही झाला. म्हणजे त्यांनी काय केलं? होतं तेवढं लोकांच्या हाती दिलं आणि पुढचं बांधत राहिले. टॅम्रिएल रीबिल्ट बघा. मॉरोविंड 2002 सालचा, आणि त्यात नसलेली मुख्य भूमी बांधायचा हा उद्योग त्याच्याही आधी, 2001 मध्ये सुरू झालेला. तो आजही चालू आहे, कारण ते एकेक प्रदेश बांधून देतात. सगळं एकदम द्यायचा हट्ट धरला असता, तर इतकी वर्षं नवी माणसं कशाच्या ओढीने आली असती?

एंडराल एकदम मोठा आला, हे खरं. पण 2016 मध्ये एंडराल देणाऱ्या मंडळींनी 2010 मध्ये ऑब्लिव्हियन या गेमसाठी नेहरिम हा मॉड पूर्ण केला होता आणि त्याआधी मॉरोविंडवरही काम केलं होतं. पहिलाच मॉड करायला बसलेल्या पोराला त्यांच्याकडे बोट दाखवून ‘ताकद हवी’ म्हणणं हा सल्ला नव्हे. त्याने त्याचा मॉड हार्ड डिस्कवरच राहील, बाकी काही होणार नाही.

आणखी एक. उत्साह टिकला तरी गेम तसाच राहत नाही. फॉलआउट लंडन हा फॉलआउट 4 या गेमचा मॉड 2024 च्या एप्रिलमध्ये यायचा होता. नेमक्या त्याच सुमारास फॉलआउट 4 ला अधिकृत अपडेट येणार असल्याचं कळलं आणि त्यांना तारीख पुढे ढकलावी लागली. मॉड आला जुलैमध्ये. स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (गेमला जादा क्षमता देणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमवर) अवलंबून असलेला मॉड ज्याने केलाय, त्याला गेमची फाइल बदलली की तो कसा बंद पडतो ते सांगायला नको. काम जितकं लांबेल तितके असे धक्के जास्त. त्या टीमकडे तो सोसायला माणसं होती. रात्री नोकरीवरून येऊन एकट्याने बसणाऱ्याकडे नसतात.

टीम सांभाळण्याबद्दल: लेख एकट्याने काम करणाऱ्यांसाठी होता, पहिल्याच परिच्छेदात तसं लिहिलंय. वाचायला हवं होतंत. सेव्ह फाइल मोडण्याचा मुद्दा तांत्रिक आहे, त्यावर कधीतरी सवडीने लिहीन.

आणि हो, प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमचा ‘भव्य’ मॉड सध्या चालू आहे. छान. त्यातली एक खोली जरी खेळण्याजोगी झाली असेल तर लिंक टाका. खेळून बघतो, आणि सोबती दाराबाहेर राहिला तर तेही कळवतो.