मूळ दत्तकपत्र कुठून आणू?

आजीनं बाबांना दत्तक घेतलं होतं, तेच चुलतभाऊ मानत नाही, त्यावर आमचा खटला चाललाय. आज कोर्टाची चौथी तारीख, आणि पुन्हा तेच. समोरचे वकील उठले, "मूळ दत्तकपत्र हजर करा." अहो, कुठून हजर करू? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा नारायण पेठेतल्या आमच्या घराचा तळमजला अख्खा पाण्याखाली गेला. आजीची कागदांची ट्रंक तिथंच होती. पाणी ओसरल्यावर तीत नुसता चिखल निघाला. बाबांनी हे शपथेवर सांगितलंय. आणखी काय सांगायचं त्यांनी?

दस्त १९५८ चा, रीतसर रजिस्टर केलेला. दुय्यम निबंधकांकडून सही-शिक्क्याची नक्कल काढली. ती कुणाही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. दस्त करून देणाऱ्यांना किंवा त्यावरून हक्क सांगणाऱ्यांनाच देतात. कारकुनाचं वळणदार अक्षर, दत्तक देणाऱ्या आजोबांची, म्हणजे बाबांच्या जन्मदात्या वडिलांची सही आणि आजीच्या नावाशेजारी 'डा. हा. अं.', डाव्या हाताचा अंगठा. बाबा त्या अक्षरांवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून होते.

नोंदणी कायदा १९०८, कलम ५७(५): अशी नक्कल मूळ दस्तातला मजकूर शाबीत करायला चालते. सरळ लिहिलंय! मूळ हरवलं तर दुय्यम पुरावा, म्हणजे नक्कल वगैरे, देता येतो, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचं कलम १६ तर म्हणतं, देणाऱ्या-घेणाऱ्याच्या सह्यांचा रजिस्टर दस्त आला की दत्तक कायद्याप्रमाणे झालं असंच कोर्टानं धरायचं, कुणी ते खोटं पाडेपर्यंत. खोटं पाडायची जबाबदारी त्यांची आहे, म्हणून तर नक्कल आतच येऊ द्यायची नाही! म्हणे कलम १६ ला मूळच कागद लागतो. मग दस्त उतरवून घेतलेलं ते रजिस्टर सरकारनं इतकी वर्षं सांभाळलं कशाला?

नकलेवर अजून निशाणी, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाचा क्रमांक, पडलेली नाही. कोर्ट म्हणतं, हरकतीचं नंतर बघू. आणि बहात्तर वर्षांच्या बाबांना पिंजऱ्यात उभं करून समोरचे वकील विचारतात, "तुम्हाला मांडीवर घेतलेलं आठवतं का?" पाच वर्षांचे होते हो ते! दस्तावरचे साक्षीदार केव्हाच गेले. आजीला अग्नी बाबांनी दिला, तेव्हा हाच चुलतभाऊ शेजारी उभा होता. त्या दिवशी कुणी कागद मागितला नाही.

आता रजिस्टरच कोर्टात मागवायचं, त्या कचेरीतल्या माणसाला साक्षीला बोलवायचं. म्हणजे आमचा अर्ज, त्यावर त्यांचं म्हणणं, मग युक्तिवाद. तारीख पडलीय दिवाळीच्या सुट्टीनंतरची.