गोळी आरपार गेली, शिसं मागेच राहिलं

“गोळी हरणातून आरपार निघून जाते, मग पक्ष्याच्या पोटात शिसं येणार कुठून?” शिशाच्या गोळ्यांवर बंदी नको म्हणणारे अमेरिकेत हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

आरपार जाते ती उरलेली गोळी. मऊ टोकाची गोळी हाडामांसावर आदळली की फुलते आणि झडत पुढे सरकते. मारलेल्या हरणाचा एक्स-रे पाहा: जखमेच्या वाटेभोवती पांढरे ठिपके, कित्येकदा शेकडो, बरेचसे मिलिमीटरहून बारीक, काही तर वीतभर दूर उडालेले. शिकारी जागेवरच पोट फाडतो आणि कोथळा तिथेच टाकून मांस घेऊन जातो. त्या ढिगावर कॉन्डॉर (अमेरिकेतलं दुर्मीळ, भलं मोठं गिधाड), गरुड, डोमकावळे उतरतात.

“धातू पचत नाही, तसाच बाहेर पडतो.” हाडं विरघळवणाऱ्या जठररसात शिसंही विरघळतं, आणि कण जितका बारीक तितकं लवकर. रक्तात भिनल्यावर ते पचनमार्गाच्या नसा लुळ्या पाडतं. गळ्याखालची अन्नपिशवी मांसानं गच्च भरलेली, पंख लोंबलेले, विष्ठा हिरवी, आणि पक्षी उपाशी मरतो. वेळेत सापडला तर शिसं बांधून बाहेर काढणारी कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं देतात. पण बरा होऊन सोडलेला पक्षी पुन्हा तसाच कोथळा खातो.

“हे शिसं जुन्या रंगातलं.” काही कॉन्डॉरच्या बाबतीत ते खरं निघालं, त्यांना जुन्या टेहळणी मनोऱ्याचा रंग बाधला होता. बहुतेकांच्या रक्तातल्या शिशाची समस्थानिकं (शिशाचीच कमीजास्त वजनाची रूपं, ज्यावरून ते कुठून आलं ते कळतं) मात्र गोळ्यांशी जुळली. १९८२ साली जेमतेम २२ कॉन्डॉर उरले होते, तिथे एकेक पक्षी मोलाचा. गरुडांचंही तेच: २०२२ च्या अभ्यासात ३८ राज्यांतले १,२१० गरुड तपासले, त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या हाडांत दीर्घकालीन विषबाधेइतकं शिसं होतं.

“शिशाऐवजी तांब्याची गोळी चालत नाही.” चालते, पण जुन्या सवयीनं वापरली तर फसते. तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीतल्या आट्यांना ती नीट फिरवता येत नाही. तेव्हा एक पायरी हलकी गोळी घ्या, नळी आधी नीट साफ करा, नेम नव्यानं जुळवा. आदळताना वेग साधारण सेकंदाला ६०० मीटरच्या खाली गेला तर बऱ्याच तांब्याच्या गोळ्या नीट फुलत नाहीत. म्हणून लांबून बार टाकू नका.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. जिथे अजून चालते, तिथे कोथळा आणि जखमेभोवतीचं कापून टाकलेलं मांस सोबत न्या, नाहीतर खोल पुरा. उथळ पुरलेलं कोयोटी (तिथले कोल्ह्या-लांडग्यासारखे प्राणी) उकरतात.